जुनं नाटक बसवताना : पहिली तालीम आणि नेपथ्याचा पहिला नकाशा

गणपती उठले की कोल्हापुरातल्या हौशी नाटकवाल्यांची लगबग सुरू होते. राज्य नाट्य स्पर्धेचे वेध लागतात. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली चार-सहा मुलंमुली एखाद्या संस्थेच्या तालमीत येऊन बसायला लागतात आणि त्यांच्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "यंदा जुनं काहीतरी करूया की." हे वाक्य कानावर पडलं की मला मनापासून आनंद होतो. पण जुन्या नाटकात पहिल्या आठ दिवसांत झालेल्या चुका प्रयोगापर्यंत पाठ सोडत नाहीत. नेपथ्यवाल्यानं मनात एक घर बांधलेलं असतं, कपडे दुसऱ्याच काळातले येतात आणि नट तिसऱ्याच नाटकात बोलत असतात. म्हणून हा लेख पहिली तालीम आणि तिच्यातून नेपथ्य, वेश, प्रकाश कसे आकाराला येतात, एवढ्यापुरताच ठेवला आहे.

उदाहरणाला एकच नाटक घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा'. किर्लोस्कर नाटक मंडळीनं ते 1899 साली रंगभूमीवर आणलं. पैशाच्या लोभापायी कांचनभट आपल्या पोरीचं, शारदेचं, लग्न म्हाताऱ्या बिजवराशी, भुजंगनाथाशी लावायला निघतो आणि कोदंड ते मोडतो, ही त्याची गोष्ट. कोल्हापूरकरांना हे नाटक आणखी एका कारणासाठी जवळचं आहे. आपले केशवराव भोसले लहान वयातच शारदेच्या भूमिकेनं गाजले. ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहात आपण वाढलो, त्यांची ओळखच या भूमिकेपासून सुरू होते.

मी नवीन मुलांना एकच गोष्ट परत परत सांगत आलोय. पहिल्या दिवशी नाटक सगळ्यांनी मिळून ऐकायचं. कुणी काही ठरवून यायचं नाही.

संहिता हातात घेताना

आधी हक्कांचं बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. देवल 1916 साली गेले, त्यामुळे त्यांच्या मूळ संहितेला कुणाची परवानगी लागत नाही. पण अलीकडच्या एखाद्या दिग्दर्शकानं केलेली रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी बेतलेली संहिता, वापरणार असाल तर ती त्या माणसाची आहे. त्याला विचारा, त्याचं नाव घाला. परभाषेतल्या जुन्या नाटकाचा मराठी अनुवाद घेतलात तरी हेच. मूळ लेखक चारशे वर्षांपूर्वी गेलेला असला तरी अनुवादकाचे हक्क स्वतंत्र असतात. शिवाय प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी संहिता वेळेत पाठवा. हे काम एकाच्या नावावर लिहून टाका, नाहीतर ते सगळ्यांचं होतं आणि कुणाचंच होत नाही.

मग काटछाट. जुनी संगीत नाटकं रात्रभर चालायची, आज माणसं अडीच-तीन तासांत घरी जायला निघतात. पाच अंक आणि इतकी सारी पदं जशीच्या तशी ठेवता येत नाहीत. मात्र पहिल्या वाचनाआधी फार कापू नका. माझा अनुभव असा की, घरी बसून निरर्थक वाटलेला एखादा प्रवेश मोठ्यानं वाचला की त्याचं काम लक्षात येतं. पेन्सिलीनं कंस करून ठेवा आणि वाचताना ते कंससुद्धा वाचा.

प्रती काढताना तीन गोष्टी पाळा. सगळ्यांच्या प्रतींत पान क्रमांक तेच असू देत. छपाई एकाच बाजूला करा, म्हणजे समोरचं कोरं पान हालचाली आणि क्यू (इशाऱ्याच्या जागा) टिपायला मिळतं. आणि शेवटी जुन्या शब्दांची यादी जोडा. ही यादी म्हणजे नुसता शब्दकोश नाही. 'शारदा'त लग्न थांबतं ते वधू-वर सगोत्र आहेत या मुद्द्यावर. आजच्या बावीस वर्षांच्या पोराला 'सगोत्र' या शब्दाचा अर्थ सांगता येईलही, पण तो उच्चारल्याबरोबर मांडवातली माणसं का गोठतात हे त्याच्या अंगात नसतं. तो शब्द नुसता 'माहीत' असून चालत नाही. तो ऐकून भटजीचा हात थांबला पाहिजे. बिजवर, अंतरपाट, मधुपर्क, वाङ्‌निश्चय असे शब्द काढा आणि घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणाला तरी विचारून लिहा. आजीला विचारलंत तर अर्थाबरोबर एखादी गोष्टही मिळेल.

कुणाला बोलवायचं

सगळ्यांना. दिग्दर्शक आणि नट तर येतातच. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, रंगभूषा, संगीत यांची माणसं आलीच पाहिजेत. प्रॉपर्टी सांभाळणारा, प्रॉम्प्टर, पडदा ओढणारा हेही हवेत. "माझं काम शेवटच्या आठवड्यात, मी तेव्हा येतो," असं प्रकाशवाला म्हणाला तर त्याला गोडीनं पण ठामपणे सांगा की पहिल्या दिवशी ये, मग मधले पंधरा दिवस नाही आलास तरी चालेल. नाटक पहिल्यांदा ऐकताना जे कानाला लागतं ते दुसऱ्यांदा लागत नाही. बाकीचे ऐकत असताना तो नसला, तर पुढे त्याला सगळं सांगावं लागतं, आणि सांगितलेलं नाटक ऐकलेल्या नाटकापेक्षा नेहमी लहान असतं.

जागा साधी चालते. शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, कुणाच्या वाड्याचा सोपा, म्हणजे ओसरी. गोल बसता आलं पाहिजे आणि पंखा फार वाजता कामा नये, बास.

पहिल्या दिवसाचा क्रम

नारळ फोडा, नटराजाला हार घाला, ज्येष्ठांच्या पाया पडा. नवीन मुलांना हे कधी कधी जुनाट वाटतं. मला तसं वाटत नाही. दिवसभराची नोकरी, दुकान, घर उंबऱ्याबाहेर ठेवून आत यायला काहीतरी लागतं. पाच मिनिटं पुरतात.

मग ओळखी. प्रत्येकानं नाव आणि काम सांगायचं. "मी शारदा करणार आहे," इतक्याच मोकळेपणानं "मी पडदा ओढणार आहे" हेही त्या गोलात म्हटलं गेलं पाहिजे.

दिग्दर्शकानं पंधरा मिनिटांच्या वर बोलू नये. हे नाटक आज का करावंसं वाटलं एवढंच सांगावं. दृश्यं, रंग, 'माझ्या डोक्यात एक मोठा पिंजरा आहे' वगैरे काहीही सांगू नये. एकदा पिंजरा हा शब्द खोलीत पडला की नेपथ्यवाला वाचनभर गजच मोजत बसतो.

आता वाचन. इथे नियम कडक आहेत. अभिनय करायचा नाही. आवाज काढायचे नाहीत. अर्थ समोरच्यापर्यंत पोचेल अशा बेतानं, सावकाश वाचायचं. रंगसूचनाही एकानं मोठ्यानं वाचायच्या. आणि पदं गायची नाहीत, वाचायची.

या शेवटच्या नियमावरून दरवेळी कुरकुर होते. आमच्याकडे एका वर्षी 'शारदा'चं वाचन मंगळवार पेठेतल्या एका शाळेत होतं. बाहेर पाऊस, पत्र्यावर नुसता ताशा. भुजंगनाथ करणारा आमचा मित्र पहिल्याच पानापासून खोकत, थरथरत, म्हाताऱ्याच्या आवाजात सुटला. शेजारी बसलेले आमचे तबलजी काका त्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "जरा दमानं मर्दा, अजून घोड्यावर बसायचं हाय." सगळे हसले आणि तो साध्या आवाजात वाचायला लागला. पुढे 'मूर्तिमंत भीती उभी' आलं. शारदेचं काम करणारी मुलगी गाणं शिकलेली, तिच्या गळ्यात हे पद लहानपणापासून बसलेलं. तिला म्हटलं, वाच फक्त. पहिल्या दोन ओळी तिनं चालीच्या झोक्यातच वाचल्या. मग झोका सुटला. समोर भीती उभी आहे आणि आपल्याला ती दिसतेय, असं एक पोर सांगतेय, एवढंच उरलं. ती मधेच थांबली आणि विचारलं, "हिचं वय काय असेल ओ?" कुणीच लगेच उत्तर दिलं नाही. पाऊस ऐकू येत राहिला. वेशभूषा बघणाऱ्या आमच्या ताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर बघितलं तर एकच ओळ होती : 'लुगडं तिला मोठं झालेलं दिसलं पाहिजे.'

त्या नाटकाच्या वेशभूषेचा पाया तिथे पडला. चाल लावून पद गायलं गेलं असतं तर आम्ही सगळ्यांनी 'वा' म्हटलं असतं आणि पुढच्या पानावर गेलो असतो. संगीत नाटक करणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच. सूर दुसऱ्या दिवसापासून आहेतच.

वाचताना एकानं घड्याळ लावून प्रत्येक प्रवेशाची मिनिटं टिपावीत. मधे एकदाच चहा, तोही अंक संपल्यावर. वाचन संपलं की लगेच चर्चा नको. दहा मिनिटं गप्प बसा, हवं तर बाहेर चक्कर मारून या. मग गोलात प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, कुठला क्षण कानात राहिला ते एका वाक्यात सांगायचं. कारणं द्यायची नाहीत, एकमेकांना खोडायचं नाही. दिग्दर्शकानं शेवटी बोलायचं. हे सगळे क्षण एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. तीन-चार जणांनी एकच क्षण सांगितलेला असतो. नेपथ्य आणि प्रकाश यांनी सगळ्यात आधी तो सांभाळायचा असतो.

प्रवेशांचा तक्ता

दुसऱ्या बैठकीला हे कोरडं काम उरकून टाका. प्रत्येक प्रवेशासाठी एक आडवी ओळ : ठिकाण कुठलं, दिवसाची वेळ कोणती, कोण कुठून येतं आणि कुठे जातं, हातात काय, अंगावर काय, उजेड कुठून येतो, आवाज कुठला. फक्त संहितेत लिहिलेलं भरायचं. संहितेत नाही तिथे रकाना मोकळा. तक्ता पुरा झाला की मोकळ्या रकान्यांकडे बघा, कारण तुमची कल्पकता तिथे लागणार आहे. भरलेले रकाने म्हणजे लेखकाची अट.

काही वेळा अट पदात लपलेली असते. 'म्हातारा इतुका न' हे पद घ्या. त्यात नवऱ्या मुलाचे दात गेलेले, कान गेलेले, डोळ्यांना दिसत नाही आणि मान तर सारखी 'नन्ना' म्हणतेय. थट्टेचं पद म्हणून आपण ते हसत ऐकतो. पण रंगभूषाकारासाठी आणि नटासाठी ती सरळ-सरळ यादी आहे. मान हलणार असेल तर डोक्यावरचं पागोटं घट्ट बसायला हवं आणि गालावरची सुरकुती पहिल्या रांगेपेक्षा मागच्या रांगेसाठी काढायला हवी. पद पाठ असूनही ही यादी पहिल्या वाचनापर्यंत आमच्या लक्षात आली नव्हती.

पायी हिंडणं

मोबाइलवर 'जुना वाडा' शोधून शंभर फोटो जमवण्याआधी बाहेर पडा. आपलं गाव यासाठी फार श्रीमंत आहे. जुन्या पेठांतली जी घरं अजून उभी आहेत, त्यांचं दगडी जोतं, सोप्याचे लाकडी खांब, कोनाडे, परड्याकडे जाणारं अंधारं बोळ डोळ्यांनी बघा, हातानं चाचपा. खांबाचा कुठला भाग पाठ टेकून टेकून गुळगुळीत झालाय ते बघा. नटांना घेऊन जा. उंबरा ओलांडताना माणूस किती वाकतो, हे फोटोत दिसत नाही.

'शारदा'त नदी आहे, तेव्हा पंचगंगेच्या घाटावर दिवेलागणीला जाऊन बसा. काळ्या दगडाच्या पायऱ्या ओल्या असताना आणि कोरड्या असताना वेगळ्या रंगाच्या दिसतात. पाण्याच्या अगदी जवळची पायरी शेवाळलेली असते आणि तिच्यावर पाऊल ठेवणारं माणूस आपोआप बोटं आवळतं. आयुष्याला कंटाळून पाण्याकडे निघालेली मुलगी त्या पायरीवर कशी चालेल? नटीनं ते तिथे उभं राहून ठरवावं आणि नेपथ्यवाल्यानं तिच्या शेजारी उभं राहून.

आणखी एक. आपल्या गावाचा नेपथ्याचा वारसा माहीत असू द्या. चित्रपटाकडे वळण्याआधी बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. जंगल, महाल, रस्ता असे रंगवलेले पडदे वरून सुटायचे आणि क्षणात ठिकाण बदलायचं. आज आपण लाकडी फ्लॅट (भिंतीसारख्या चौकटी) आणि लेव्हल (उंच चौथरे) उभ्या करतो आणि प्रवेश बदलायला ब्लॅकआउटमध्ये दोन मिनिटं घालवतो. जुन्या संहिता पडद्यांच्या वेगानं लिहिलेल्या आहेत, हे लक्षात ठेवलं तर नेपथ्य जड होत नाही.

नकाशा आणि मॉडेल

आता पेन्सिल हातात घ्या. पहिला प्रश्न : सगळ्या अंकांत न बदलता काय राहू शकतं? 'शारदा'साठी आम्ही एक उंबरठा धरला. एक चौकट, दोन पायऱ्या, एक खांब. दिवा कोनाड्यात असला की कांचनभटाचं घर, त्याच चौकटीला तोरण आणि मागे समया आल्या की भुजंगनाथाचं. चौकट मागे सरकून अंधारात गेली की पायऱ्या घाटाच्या होतात. तुम्हाला दुसरं काही सापडेल. पण एक गोष्ट शोधा आणि बाकीचं तिच्याभोवती येऊ द्या.

दुसरा प्रश्न : प्रयोग कुठे कुठे होणार? शाहू महाराजांनी उभारलेलं, 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत सापडलं, तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी जणांचं घरच जळल्यासारखं झालं. खासबागेच्या बाजूनं ती आग बघितलेली माणसं आजही त्याविषयी बोलताना थांबतात. त्यानंतर आम्ही एक सवय लावून घेतली. नेपथ्य कुठल्याही एकाच रंगमंचाच्या मापावर बांधायचं नाही. सांगलीचं भावे नाट्यमंदिर, इचलकरंजीचं घोरपडे नाट्यगृह, एखाद्या शाळेचं स्टेज, सगळीकडे तोच संच कमी-जास्त करून उभा राहिला पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक ठिकाणी टेप घेऊन जा आणि स्वतः मापं घ्या : दर्शनी रुंदी, खोली, उंची, विंगांमधलं अंतर, आणि विसरू नका, सामान आत येण्याच्या दाराची रुंदी. ही शेवटची सूचना मी भोगून लिहितोय. एका वर्षी आमची चार फुटी चौकट बाहेरगावच्या एका नाट्यगृहाच्या मागच्या दारातून आतच जाईना. दुपारी तीनला सुतार शोधत हिंडलो, चौकट मधोमध कापली, बिजागरी मारली आणि तिसऱ्या घंटेच्या आधी रंग सुकवायला दोन पोरं वर्तमानपत्रानं वारा घालत बसली. तेव्हापासून आमचा कुठलाही तुकडा तीन फुटांच्या वर रुंद नसतो. मोठं हवं असेल तर घडीचं.

नकाशा एका फुटाला अर्धा इंच या प्रमाणात काढा. तीस फुटांचं स्टेज पंधरा इंचांत बसतं आणि साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंचांचा होतो. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद मॉडेलला उत्तम. त्यातूनच पावणेतीन इंची माणसं कापा, किमान चार. माणसांशिवाय मॉडेल बघू नका, कारण रिकामं मॉडेल नेहमी सुंदर दिसतं. मग डोळा मॉडेलच्या पातळीला आणून पहिल्या रांगेतून बघा, कडेच्या खुर्चीतून बघा, बाल्कनीतून बघा. कडेच्या खुर्चीतून विंगेतला कपड्यांचा ढीग दिसतोय का?

पायरीची उंची वेशभूषेला विचारून ठरवा. नऊवारीत बाई झपझप चालते, पण फूटभर उंचीच्या पायरीवर ती गात गात चढणार नाही. सात इंच ठेवा. उजवी-डावी म्हणजे नटाची उजवी-डावी, प्रेक्षकांची नव्हे. नकाशावर ते पहिल्या दिवशी मोठ्या अक्षरांत लिहा.

फ्लॅटसाठी लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून लावणं अजूनही सगळ्यात हलकं आणि स्वस्त पडतं. प्लायवूडचा आठ बाय चारचा ताव सोयीचा असतो खरा, पण टेम्पोत चढवताना चार माणसं लागतात.

कापड आणि उजेड एकत्र बघा

या कामाला नवीन संस्था वेळच देत नाहीत. कपडे एकीकडे ठरतात, दिवे दुसरीकडे, आणि दोघांची भेट रंगीत तालमीला होते. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आमच्या ताई महाद्वार रोडवरून लुगड्यांचे, खणांचे वीतभर तुकडे घेऊन येतात. दुकानदार ओळखीचे झालेत, टाकाऊ कापटं बाजूला काढून ठेवतात. तालमीची खोली अंधारी करायची, भिंतीवर तुकडे टाचायचे आणि एका दिव्यापुढे जिलेटिनं, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, एकेक करून धरायची. एकदा त्यांनी कुंकवासारखा लाल खण लावला होता. प्रकाशवाल्या पोरानं घाटावरच्या रात्रीसाठी निवडलेलं हिरवट निळं जिलेटिन पुढे धरलं आणि खण काळा पडला. अगदी कोळशासारखा. ताई पुढे झाल्या, तुकडा दोन बोटांत धरून उलटा केला, परत सुलटा केला, आणि म्हणाल्या, "अरे, हिला तू विधवा केलीस की रे." त्या पोराचा चेहरा उतरला. त्यानं बदललेलं निळं आणि ताईंनी बदललेला लाल, दोन्ही मिळून तो प्रवेश झाला. हिरव्या उजेडात लाल मरतो, पिवळ्या उजेडात हळदीचा पिवळा पांढरट होतो. हे पुस्तकात वाचून कळतं, पण पटायला भिंतीवर बघावं लागतं. नायलॉनची चकाकीही इथेच पकडता येते. खोलीच्या ट्यूबलाइटखाली सुती वाटणारं कापड स्पॉटखाली पत्र्यासारखं चमकतं आणि सगळं 1899 साल क्षणात उडून जातं.

दागिन्यांत कोल्हापूरकर म्हणून आपला एक मोह आवरायला हवा. गुजरीतून, आपल्या सराफ पेठेतून, झकास कोल्हापुरी साज मिळतो, म्हणून शारदेच्या गळ्यात घालू नका. साज हा सवाष्णीचा दागिना. लग्न न झालेल्या पोरीच्या गळ्यात तो दिसला की दुसऱ्या रांगेतली आजी शेजारणीच्या कानाला लागते, आणि पुढची पाच मिनिटं त्या दोघींचं नाटक बघायचं राहून जातं. भुजंगनाथाच्या घरून येणाऱ्या दागिन्यांत मात्र तो असू द्या. मग तोच साज बोलायला लागतो.

ड्रेसवाल्याकडून भाड्यानं आणायचं असेल तर नटांची मापं दुसऱ्याच आठवड्यात द्या आणि तालमीसाठी जुनं लुगडं, धोतर, उपरणं घरातून मागून घ्या. पँटमध्ये बसवलेली बैठक धोतरात मोडते.

पट्टी

संगीत नाटक असेल तर ऑर्गनवाल्याला पहिल्या आठवड्यात नटांबरोबर बसवा आणि प्रत्येकाची पट्टी, म्हणजे पेटीवरचा गायचा मूळ सूर, लिहून घ्या. शारदा काळी चारला गाणार आणि कोदंड काळी एकला, तर एकामागून एक येणाऱ्या पदांत साथीदारांना सावरायला संवादाच्या किती ओळी मिळतात ते संहितेत खूण करून ठेवा. साथीदार कुठे बसणार हे नकाशात आजच दाखवा. शेवटी 'कडेला कुठेतरी बसा' म्हटलं की त्यांना नट दिसत नाही आणि नटाला ठेका ऐकू येत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका, जरूर ऐका. पण तालमीच्या पहिल्या पंधरा दिवसांत नको. मोठ्या गायकाची एखादी जागा एकदा गळ्यात बसली की ती निघत नाही आणि पोर शारदा व्हायच्या ऐवजी त्या गायकाची आठवण होते.

मतभेद झाले तर

होणारच. दिग्दर्शकाला रिकामा रंगमंच हवा असतो, नेपथ्यकाराला खांब. अशा वेळी भिंतीवरचा तो क्षणांचा कागद उतरवा आणि विचारा की, सगळ्यांच्या कानात राहिलेला क्षण कशानं जास्त नीट दिसेल. वाद माणसांवरून उतरून नाटकावर जातो. तरीही मिटला नाही तर दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा, आणि तो पाळल्यावर मागे कुरकुर नाही. खर्चाची वही मात्र पहिल्या दिवसापासून उघडी ठेवा : नाट्यगृहाचं भाडं, टेम्पो, दिवे, ड्रेसवाला, हे चार आकडे आधी लिहा. उरेल त्यात नेपथ्य. हा क्रम उलटा केला की शेवटच्या आठवड्यात कुणाची तरी अंगठी गहाण पडते. मी तसं होताना पाहिलंय आणि पुन्हा बघायची इच्छा नाही.

जमिनीवर खुणा

नकाशा पक्का झाला की उभ्या तालमी सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघा-तिघांनी जाऊन जमिनीवर खऱ्या मापात खुणा करा. शाळेच्या फरशीवर खडू चालतो, पण तासाभरात पायांनी पुसला जातो. कागदी चिकटपट्टी बरी, निघताना डाग ठेवत नाही. चौकट एका रंगानं, पायऱ्या दुसऱ्या, विंगा तिसऱ्या. चौकटीच्या जागी दोन खुर्च्या चौकटीएवढी जागा सोडून पाठीला पाठ करून ठेवा आणि मधे एक सुतळी जमिनीपासून चार बोटं वर बांधा. तो उंबरठा. पहिले दोन दिवस सगळे तिला अडखळतील. अडखळू देत. तिसऱ्या दिवशी कांचनभट बोलता बोलता, खाली न बघता पाय उचलेल.

प्रॉपर्टीही त्याच दिवशी हातात द्या, खरी नसली तरी वजनाची. पानाचा डबा म्हणून कंपासपेटी नको. घरातला जुना पितळी डबा आणा.

तालीम संपली की पट्ट्या काढायच्या, खुर्च्या जागेवर, फळा पुसायचा, आणि किल्ली शिपाईमामांच्या हातात द्यायची. दुसऱ्या दिवशी साडेसातची तालीम असेल तर खुणा करणारे दोघे सातला हजर पाहिजेत. नकाशाची एक प्रत फळ्याशेजारी टाचून ठेवा, म्हणजे ते आले नाहीत तरी कुणालाही त्या परत मारता येतील.